मुलाचा इसब पुन्हा पुन्हा का उलटतो?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)
माझ्या सहा वर्षांच्या मुलाला दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूस आणि गुडघ्यांमागच्या लवणीत तीन वर्षांपासून इसब आहे. झोपेत तो इतका खाजवतो की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. औषधाच्या दुकानातून आणलेल्या मलमाने चार दिवसांत कातडी स्वच्छ होते. लावणे थांबवले की पंधरवड्यात चट्टे परत उमटतात. सासूबाईंच्या मते ही अंगातली उष्णता आहे, म्हणून वांगे, अंडी, दूध, शेंगदाणे सारे बंद केले. फरक काही पडला नाही, उलट मुलाचे वजन वाढेनासे झाले. रक्तात दोष आहे का?

उत्तर (त्वचारोगतज्ज्ञ)
ताई, रक्तात दोष नाही. मूळ दुखणे कातडीच्या वरच्या थरात आहे. हा थर घट्ट ठेवणारे फिलॅग्रिन नावाचे प्रथिन काही मुलांत जन्मतःच कमी बनते, आणि त्या जनुकातील दोषाचा इसबाशी असलेला संबंध २००६ मध्ये स्पष्ट झाला. अशा कातडीतून ओलावा उडून जातो, धूळ, साबण व जंतू आत शिरतात, शरीर त्यांच्याशी झुंजू लागते आणि खाज सुटते. घरात कोणाला दमा किंवा सततच्या शिंका असतील, तर मुलांत इसबाची शक्यता वाढते.

त्या ट्यूबवरचे घटक कृपया वाचून पाहा. दुकानातून परस्पर मिळणाऱ्या अशा मलमांत पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असतात. लवणीतली कातडी त्याने पातळ होते, आणि मुळात गजकर्ण असेल तर ते झाकले जाऊन पसरते. मात्र स्टेरॉइडला घाबरून ते अजिबात न लावणे ही तितकीच मोठी चूक आहे. योग्य तीव्रतेचे मलम, डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस, मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर पिळलेली एक रेघ त्याच मोठ्या माणसाच्या हाताच्या दोन तळव्यांएवढ्या भागाला, या मापाने लावावे. ती रेघ साधारण अर्ध्या ग्रॅमची असते.

दूध आणि अंडी तपासणीशिवाय बंद ठेवू नका, कारण वाढत्या वयात त्याची किंमत मुलालाच मोजावी लागते. चट्ट्यांतून पाणी येऊ लागले, पिवळी खपली धरली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा.

उत्तर (उचगाव)
माझ्या मुलीला हेच होते. बंबातले कढत पाणी आणि आजोबांच्या घोंगडीवरची झोप, या दोन्हींनी तिची खाज वाढत होती, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले. आता पाच-दहा मिनिटे कोमट पाण्याने आंघोळ घालते, साबण फक्त काखा व पायांना लावते, अंग न घासता टिपते आणि ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली चोपडते. पूर्वी छोटी डबी दोन महिने पुरवायचो. डॉक्टरांनी सांगितले तेव्हा कळले की ती आठवड्यातच संपायला हवी होती.

प्रश्नकर्ती
आमच्याकडेही घोंगडीच आहे. आज रात्रीपासून सुती चादर घालते. ट्यूबवर क्लोबेटासोल, म्हणजे तुम्ही सांगितलेले तीव्र स्टेरॉइडच, लिहिले आहे. उद्याच ती घेऊन डॉक्टरांकडे जाते.