शेजारच्या बंद घराचा मालक शोधायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या भिंतीला लागून असलेलं घर बरीच वर्षं बंद आहे. त्याच्या गच्चीवर उगवलेल्या झाडाची मुळं आता आमच्या भिंतीत शिरली आहेत. बोट जाईल एवढी भेग पडलीय आणि पावसाचं पाणी थेट आईच्या पलंगाशी ठिबकतं. मालकाला न विचारता झाड तोडायचं नाही, म्हणून आधी त्याला गाठायचंय.

घरपट्टीच्या नोंदीत एक नाव मिळालं. पण कर भरणारा मालकच असतो असं नाही, भाडेकरू किंवा नातेवाईकही भरतात. शिवाय पत्ता त्याच बंद घराचा! तिथे पाठवलेलं पत्र दाराच्या फटीतून आत पडून राहणार. नोंदणी कार्यालयात जुनं खरेदीखत सापडलं, त्यातलं नाव वेगळंच आहे. ते गृहस्थ वारले असं आजूबाजूचे सांगतात. वारसांची नोंद कुठे दिसत नाही.

आता पुढचे व्यवहार, म्हणजे गहाणखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, नावावरून शोधू की मिळकतीच्या क्रमांकावरून? मला क्रमांक बरा वाटतो, कारण नाव दर कागदावर वेगळं लिहिलेलं असतं. पण मिळकतीचे तुकडे पडले असतील तर क्रमांकही बदलतो, तेव्हा जुना-नवा मेळ कसा घालायचा?

गहाण निघालं तर कर्ज देणाऱ्या बँकेमार्फत मालकापर्यंत पोहोचता येतं का? वारस अनेक असतील तर एकालाच नोटीस दिलेली चालते का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.