डिक्सी ड्रेग्ज मागे का पडले? गाणारा नव्हता म्हणून?

उशिरा_आलेला:
गिटारवाला स्टीव्ह मोर्स म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना डीप पर्पल हा ब्रिटिश रॉक बँड आठवतो. ८ एप्रिल १९९५ ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात त्यांचा शो झाला, 'बॉम्बे कॉलिंग' नावाने त्याची डीव्हीडीही निघाली, त्यात त्यांचा जुना गिटारिस्ट रिची ब्लॅकमोरच्या जागी वाजवतोय तो हाच. पण त्याच्या वीस वर्षं आधीपासून या माणसाचा स्वतःचा बँड होता, डिक्सी ड्रेग्ज, आणि त्यावर मराठीत कोणी चार ओळी लिहिलेल्या माझ्या तरी पाहण्यात नाहीत. मोर्स आणि बासवाला अँडी वेस्ट जॉर्जियातल्या ऑगस्टाचे, पुढे मायामी विद्यापीठाच्या म्युझिक स्कूलमध्ये बँड जमला, तिथे तर यांचं वाजवणं चक्क अभ्यासक्रमात धरलं जायचं, 'रॉक एन्सेम्बल टू' नावाने. मग १९७७ ला 'फ्री फॉल', १९७८ ला 'व्हॉट इफ', १९७९ ला 'नाईट ऑफ द लिव्हिंग ड्रेग्ज'. गिटार, व्हायोलिन, कीबोर्ड, बास, ड्रम्स. गाणारा नाही.

आता मुद्दा. सगळे म्हणतात शब्द नव्हते म्हणून चालले नाहीत. मला हे पटत नाही. यांना घेतलं कॅप्रिकॉर्न रेकॉर्ड्सने, म्हणजे ऑलमन ब्रदर्सवाली कंपनी, सदर्न रॉकचं, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या ब्लूज-कंट्री वळणाच्या रॉकचं माहेरघर, त्यात बँडच्या नावात डिक्सी, म्हणजे त्याच दक्षिणेचं टोपणनाव. म्हणजे ज्याला येस, जेनेसिससारखे गुंतागुंतीचं प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवणारे बँड आवडतात तो हे नाव बघून पुढे जाणार आणि ज्याला सदर्न बूगी हवंय तो घरी नेऊन 'व्हॉट इफ'मधलं 'ओडिसी' लावणार आणि डोकं धरून बसणार. विकणाऱ्यांनाच कळलं नाही काय विकतोय ते. त्यात कॅप्रिकॉर्न १९७९ ला बुडाली.

आठ_मात्रा:
दुर्लक्षित?? मॉन्ट्रो जॅझ फेस्टिवलला १९७८ साली वाजवलंय, 'लिव्हिंग ड्रेग्ज'ची दुसरी बाजू तिथलीच लाइव्ह आहे. ग्रॅमीची नॉमिनेशन्स आहेत. 'टेक इट ऑफ द टॉप' बीबीसी रेडिओ वनच्या फ्रायडे रॉक शोची सिग्नेचर ट्यून होती. गिटार प्लेअर मासिकाच्या वाचकांनी मोर्सला लागोपाठ पाच वर्षं बेस्ट ओव्हरऑल गिटारिस्ट निवडलं. आपल्याला उशिरा कळलं म्हणजे जगाने दुर्लक्ष केलं असं नसतं राव.

उशिरा_आलेला:
त्या सिग्नेचर ट्यूनवरून किती जणांना बँडचं नाव सांगता आलं असेल? आणि पाच वर्षं बेस्ट म्हणून निवडलेल्या माणसाने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी काही काळ विमान कंपनीत को-पायलटची नोकरी केली. वाजवणाऱ्यांत मान होता हो, कोण नाही म्हणतंय, ऐकणारे कुठे होते?

बिनताराची_बाई:
मी स्पष्टच बोलते, मला हे लोक बोर करतात. वाजवतात कमाल, वाद नाही. मोर्स जवळजवळ प्रत्येक नोट पिकने (तार छेडायच्या पट्टीने) वेगळी मारतो, डाव्या हाताने घसरवून वेळ मारून नेत नाही, त्यामुळे कितीही फास्ट असलं तरी नोट न् नोट सुटी ऐकू येते. पण म्हणून काय? एका रेकॉर्डवर फंक, ब्लूग्रास (बँजो-व्हायोलिनवालं अमेरिकन लोकसंगीत), बरोक (बाखच्या काळातलं युरोपीय संगीत), हार्ड रॉक, म्हणजे श्रीखंडावर तांबडा रस्सा ओतल्यासारखं झालं. कंपनीच्या नावाने खडे फोडू नका, बँडलाच ठरवता आलं नाही काय वाजवायचं ते. आणि खरं सांगा, अल्बम संपल्यावर यातली एक तरी चाल तोंडात राहते का?

उशिरा_आलेला:
ताई, 'टेक इट ऑफ द टॉप' राहते की! आणि 'व्हॉट इफ'मधलं 'लिटल किड्स' ऐकलंत का? फक्त क्लासिकल गिटार आणि ॲलन स्लोनचं व्हायोलिन, दोनेक मिनिटांचा मामला, कुठेही कसरत नाही. त्याच अल्बमवर शेवटी 'नाईट मीट्स लाईट' येतं. हे कसं सुरू होतं बघा, अगदी सावकाश, गिटार पुढे यायची घाईच करत नाही, आणि व्हायोलिन लांब सूर धरतं तेव्हा खालची गिटार चाल पुढे नेत राहते. वेगाची हौस असलेल्या माणसाला हे सुचत नाही. तुम्ही बहुतेक 'द बॅश' ऐकून मत बनवलंय, ते ब्लूग्रास आहे, ते फास्टच असतं!

बिनताराची_बाई:
सगळे अल्बम ऐकूनच बोलतेय 😀

जुनी_कॅसेट:
शब्दांवरून वाद चाललाय तर १९८२ च्या 'इंडस्ट्री स्टँडर्ड'चं कोणीच कसं बोललं नाही? कॅप्रिकॉर्ननंतर हे अरिस्टा या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेले, नावातलं डिक्सी काढून नुसते द ड्रेग्ज झाले आणि या अल्बममध्ये दोन गाणी चक्क गायलेली आहेत. एक डूबी ब्रदर्सच्या पॅट्रिक सिमन्सने, दुसरं सँटानाकडे गाणाऱ्या ॲलेक्स लिगर्टवूडने. म्हणजे नाव बदललं, कंपनी बदलली, गाणारेही आणले. तरी पुढे लगेच बँड मोडला. आता बोला.

उशिरा_आलेला:
हेच तर म्हणतोय!! गाणारा आणून फरक पडला नाही म्हणजे शब्दांचा प्रश्नच नव्हता.

आठ_मात्रा:
अहो, त्यातून उलटंही निघतं. नाव आणि कंपनी बदलूनही फरक पडला नाही, म्हणजे तुमचा कंपनीवाला मुद्दाही गेला. आणि १९८२ ला एमटीव्ही सुरू झालेलं होतं, दिसणं महत्त्वाचं झालं होतं, त्यात व्हायोलिनवाला बँड कोण बघणार. माझ्या मते काळच चुकला, पाचेक वर्षं आधी आले असते, जॅझ-रॉक वाजवणारा, व्हायोलिनवालाच महाविष्णू ऑर्केस्ट्रा जोरात असताना, तर हॉल भरले असते.

बिनताराची_बाई:
महाविष्णूचं व्हायोलिन आणि यांचं व्हायोलिन, दोन्ही एकामागून एक लावा. महाविष्णूचा जेरी गुडमन सूर ओरबाडतो. स्लोन गोड वाजवतो, नको तितका गोड. पुढे नव्वदीत ड्रेग्जनी गुडमनलाच घेतलं, का घेतलं असेल?

जुनी_कॅसेट:
स्लोन डॉक्टरकीत गेला होता म्हणून घेतलं असेल, त्यात सुराचा काय संबंध. २०१८ च्या टूरला तोच परत होता, 'फ्री फॉल'चा संच पुन्हा एकत्र.

पहिल्यांदाच_ऐकतोय:
भांडण मस्त चाललंय पण मी सुरुवात कुठून करू?

उशिरा_आलेला:
'व्हॉट इफ', सरळ पहिल्यापासून. मग 'लिव्हिंग ड्रेग्ज'ची लाइव्ह बाजू.

बिनताराची_बाई:
'ड्रेग्ज ऑफ द अर्थ'मधलं 'आय एम फ्रीकिंग आऊट' आधी लावा, नऊएक मिनिटांचं आहे. ते झेपलं तर बाकीचं ऐका, नाहीतर माझ्या बाजूला या.