मदत हवी आहे: समावेशक बहुवर्ग वर्गखोलीचे मॉडेल

पाटीपेन्सिल
नमस्कार. आम्ही पाच छात्राध्यापक मिळून समावेशक बहुवर्ग वर्गखोलीचे मॉडेल तयार करत आहोत आणि गेले चार दिवस आमचे घोडे बैठकव्यवस्थेपाशी अडले आहे. चारही इयत्ता एकाच खोलीत, शिक्षक एकच आणि विशेष गरजा असलेली मुलेही त्यांच्यातच हवीत. कोणतीही रचना केली तरी ती एका बाजूने जमते आणि दुसऱ्या बाजूने मोडते. कृपया नेमकी रचना सांगावी. ‘आधी भरपूर वाचन करा’ असा सल्ला कृपया देऊ नये, कारण सादरीकरण शुक्रवारी आहे.

सुतारपक्षी
मॉडेल म्हणजे पुठ्ठ्याची प्रतिकृती, की अध्यापनाचा लेखी आराखडा? खोलीचे माप किती, पट किती, आणि ‘विशेष गरजा’ म्हणजे नेमक्या कोणत्या? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. सर्वांना पुरेल अशी एकच रचना कोणालाही सांगता येणार नाही.

पाटीपेन्सिल
मॉडेल म्हणजे प्रतिकृतीच, हे उघड आहे असे मला वाटले होते. खोली ६ मीटर × ५ मीटर आहे आणि आम्ही एकास दहा या प्रमाणात ६० सेंमी × ५० सेंमीचा पाया कापलाही आहे. पट २२.

निवृत्त_गुरुजी
मी रायगड जिल्ह्यातील वाड्यांवरच्या एकशिक्षकी शाळांत २७ वर्षे काढली आहेत, म्हणून सांगतो. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन फळे लावा. पहिली-दुसरीची तोंडे एका फळ्याकडे आणि तिसरी-चौथीची दुसऱ्याकडे करा, म्हणजे मुलांच्या पाठी एकमेकांकडे राहतात आणि लक्ष विचलित होत नाही. एका जोडवर्गाला शिकवताना दुसऱ्याला लेखनकाम द्यावे आणि चौथीतील एक हुशार मूल गटप्रमुख नेमावे. या पद्धतीने शिकलेली मुले आज तलाठी आणि परिचारिका झाली आहेत. गोल टेबलांचे कौतुक मला कधीच कळले नाही.

कुमठेकर
गुरुजींचा आदर राखून लिहितो की ही रचना फळाकेंद्रित झाली. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळा पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक येत असत, त्या शाळांत फरशीच फळा झाली होती. फरशीवर अंकांच्या पट्ट्या, मुळाक्षरांचे तक्ते आणि चौकटी रंगवलेल्या असत, मुले त्यांच्याभोवती बसून स्वतः कृती करत. तुमच्या प्रतिकृतीत फरशी रंगवा, अर्धे काम तिथेच संपेल.

निवृत्त_गुरुजी
आमच्या शाळेत फरशी रंगवली होती. सारवलेल्या जमिनीवर ती रंगवता येत नव्हती म्हणून आधी कोबा केला, आणि दोन पावसाळ्यांत त्याला ओल आली. शिवाय पहिलीच्या मुलासाठी काढलेली चौकट चौथीच्या मुलाच्या काय उपयोगाची?

कुमठेकर
त्याच चौकटीत चौथीचे मूल गुणाकार करते. दोष चौकटीचा नसून ती वापरणाऱ्याचा असतो.

शाडूमाती
प्रतिकृती थर्मोकोलची करू नका, ही विनंती. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदी आली, तरी अध्यापक विद्यालयांतील प्रदर्शने पांढरीच दिसतात. कागदाचा लगदा आणि मेथीची पूड यांची लुकण (चिकट लेप) उत्तम बसते. प्रमाण हवे असल्यास कळवावे.

पाटीपेन्सिल
आम्ही पुठ्ठाच वापरत आहोत, हे वर लिहिलेच आहे. कृपया बैठकव्यवस्थेवर बोलावे.

सांधा
मी गटसाधन केंद्रात विशेष शिक्षिका आहे. तुमची मुले काल्पनिक आहेत, की एखाद्या शाळेतील खरी? काल्पनिक असतील तर तुम्ही चाकाच्या खुर्चीतील एक बाहुली दारात उभी कराल आणि त्यालाच समावेशन म्हणाल. दरवर्षी मी हेच पाहते.

पाटीपेन्सिल
शाळा खरी आहे. कर्जत तालुक्यातील एका ठाकरवाडीत आमचा शालेय अनुभव कार्यक्रम झाला. इयत्तावार मुले ६, ५, ७ आणि ४ आहेत. दुसरीत एक अल्पदृष्टी असलेली मुलगी आहे, तिसरीत श्रवणयंत्र वापरणारा एक मुलगा आहे. त्यांना पुढे बसवले आहे. कातकरी कुटुंबांतील तीन मुले दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर वीटभट्टीवर जातात, त्यांना आम्ही प्रतिकृतीत धरलेले नाही. शाळा खरे तर द्विशिक्षकी आहे, पण दुसरे शिक्षक बहुतेक वेळा बैठकीला किंवा टपाल द्यायला गेलेले असतात.

सांधा
हे सारे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवे होते. ‘पुढे बसवले’ हे उत्तर नव्हे. अल्पदृष्टी असलेल्या मुलीला मध्यभागाचे दिसत नाही, कडेचे दिसत नाही, की उजेडाने डोळे दिपतात, यावर तिची जागा ठरते. उजेड सहन होत नसेल तर खिडकीसमोरची पुढची जागा ही तिच्यासाठी शिक्षाच आहे. तिला तिरपी लेखनपाटी, जाड रेषांची वही आणि मोठ्या अक्षरांची पाठ्यपुस्तके लागतील. मुलाचे उत्तर वेगळे आहे. त्याला शिक्षकाचे ओठ दिसले पाहिजेत, म्हणून शिक्षकाने खिडकीकडे पाठ करून बोलू नये, नाहीतर चेहऱ्यावर सावली येते. श्रवणयंत्र केवळ बोलणेच मोठे करत नाही, गोंगाटही मोठा करते. गुरुजींच्या रचनेत एका फळ्यासमोर पाढे आणि दुसऱ्यासमोर कविता चालू असेल, तेव्हा त्या मुलाच्या कानात काय जात असेल याचा विचार करावा. छप्पर पत्र्याचे आहे का?

पाटीपेन्सिल
हो, पत्र्याचेच आहे. मुलीला नेमके कसे दिसते हे आम्ही विचारलेले नाही. नोंदीत फक्त ‘अल्पदृष्टी’ एवढेच आहे.

निवृत्त_गुरुजी
पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की ऐकणारी मुलेही बहिरी होतात, हे बाईंनी खरे लिहिले. अशा वेळी मी सर्वांना चित्रे काढायला बसवत असे.

सुतारपक्षी
आता बांधकामाकडे वळतो. जोते किती उंच आहे? ते ४५ सेंमी असेल, तर एकास बारा या उताराने रॅम्प ५४० सेंमी लांब होतो, म्हणजे तुमच्या प्रमाणात ५४ सेंमी. बहुतेक प्रतिकृतींत दारासमोर बोटभर लांबीची घसरगुंडी चिकटवलेली असते आणि परीक्षकही तिला रॅम्प म्हणतात. दाराची मोकळी रुंदी ९ सेंमी ठेवा. चाकाची खुर्ची वळवण्यासाठी १५ सेंमी व्यासाची मोकळी जागा सोडा, आज तशी खुर्ची वापरणारे मूल नसले तरीही.

पाटीपेन्सिल
जोते ४५ सेंमीच आहे. पण आमचा पाया खोलीएवढाच कापलेला आहे, त्यामुळे रॅम्पला जागाच उरत नाही.

डिजिटल_गुरू
एक स्मार्ट टीव्ही आणि चार टॅब घ्या, इयत्तावार चित्रफिती लावा, बैठकव्यवस्थेचा प्रश्नच उरत नाही.

निवृत्त_गुरुजी
आणि वीज आपण घरून आणणार का?

रानवाट
मला भट्टीवर जाणाऱ्या तीन मुलांविषयी लिहायचे आहे. तुम्ही त्यांना प्रतिकृतीतून वगळले, म्हणजे समावेशन तिथेच संपले. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांतून जी बहुवर्ग-बहुस्तर पद्धत आकाराला आली, तिच्यात पाठ्यक्रमाचे लहान लहान कार्डांत तुकडे केलेले असतात आणि त्या कार्डांची शिडी भिंतीवर लावलेली असते. प्रत्येक मूल स्वतःच्या पायरीवरून पुढे जाते. जे मूल दिवाळीनंतर गेले आणि पावसाच्या तोंडावर परतले, ते सोडलेल्या पायरीवरच पुन्हा उभे राहते. इयत्तेची रांग असेल, तर ते परत येईपर्यंत त्याची जागा पुढे निघून गेलेली असते. चेन्नई महापालिकेच्या शाळांनी २००३ पासून ही वाट धरली. या पद्धतीत गट इयत्तेवर न पडता कोणाला किती साहाय्य लागते यावर पडतात. शिक्षक त्यांच्याचजवळ बसतो ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे. बाकीचे सोबत्याबरोबर किंवा एकटे काम करतात.

कुमठेकर
कार्डे छापायला पैसे कोण देणार? खडूने फरशीवर लिहिता येते.

रानवाट
जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कार्डे होतात. प्रत्येक कार्डावर चित्रखूण असली की वाचता न येणारे मूलही आपले कार्ड शोधते. सांधाताई, खुणा उठावदार केल्या तर त्या मुलीला चालतील ना?

सांधा
उठावापेक्षा रंगांतील ठळक भेद तिच्या अधिक उपयोगाचा, तिला दिसते आहे हे विसरू नका. पिवळ्यावर काळी खूण काढा. बाहुल्या मात्र पायाला चिकटवू नका, टाचणीवर ठेवा. मला तुमच्या प्रतिकृतीत सकाळी सव्वाअकरा वाजता कोण कुठे आहे हे पाहायचे आहे: शिक्षक पहिलीच्या सहा मुलांजवळ असताना तो श्रवणयंत्रवाला मुलगा कोणाबरोबर बसला आहे, आणि त्याला काही अडले तर तो शिक्षकाला कसे कळवतो? मग साडेबारा वाजता काय दिसते? पाऊस पडत असताना काय दिसते? तीन वेळा बाहुल्या हलवून दाखवा. एकाच जागी गोठलेली बैठकव्यवस्था बहुवर्ग शाळेत दहा मिनिटेही टिकत नाही.

निवृत्त_गुरुजी
माझ्या दोन फळ्यांना मात्र कोणीही हात लावू नये.

सांधा
गुरुजी, फळे राहू द्या, रांगा तेवढ्या उठवू. एक फळा खाली उतरवून मुलांच्या हाताला येईल असा लावला तर आपली हरकत नसावी.

पाटीपेन्सिल
आज आम्ही शाळेत जाऊन आलो. त्या मुलीला उजेड डोळ्यांत जातो, म्हणून ती सकाळी ओट्यावर, पश्चिमेकडच्या सावलीत बसून वाचते. शाळेतल्या बाईंनी तिच्यासाठी तिथे पाट ठेवला आहे. हे आम्हाला महिनाभरात दिसले नव्हते. भट्टीवर जाणाऱ्या मुलांसाठी तीन बाहुल्या वाढवल्या आणि शिडीवर त्यांच्या चिठ्ठ्या टाचल्या. आता अडचण अशी आहे की ओटाही पायाच्या बाहेर जातो. नवा पाया कापायला वेळ नाही.

सुतारपक्षी
नवा पाया नको. ६० सेंमी × ४० सेंमीचा दुसरा पुठ्ठा मागून कापडी पट्टीने जोडा. त्यातला १५ सेंमी ओट्याला द्या. उरलेल्या पट्ट्यात रॅम्प सरळ बसणार नाही, म्हणून ओट्याला समांतर असे २७-२७ सेंमीचे दोन टप्पे करा, प्रत्येक टप्पा १२ सेंमी रुंद ठेवा आणि मधल्या वळणाला १५ सेंमीची सपाट जागा सोडा. खालच्या बाजूला आधार म्हणून काड्यापेट्या लावा.

शाडूमाती
काड्यापेट्यांवर लगद्याचा एक हात द्या, म्हणजे उतार गुळगुळीत होईल. मेथी आज रात्रीच भिजत घाला.