कोल्हापूरच्या रंकाळा तलावात परताळ्याच्या बाजूला जलपर्णी परत दिसायला लागलीय, आपण लोकांनी काढावी का?

पेठेतला_पोरगा: नमस्कार मंडळी. आमचा सकाळी रंकाळ्यावर फिरणाऱ्यांचा ग्रुप आहे, टॉवरपासून संध्यामठाच्या बाजूला जातो आणि रविवारी काठावरच्या बाटल्या, निर्माल्याच्या पिशव्या वगैरे गोळा करतो. आता परताळ्याकडे जलपर्णीचे पुंजके दिसायला लागलेत, तर काही पोरं म्हणतात ट्यूब बांधून आत उतरू आणि ओढून काढू. दुसरं म्हणजे ग्रुपमध्येच भांडण लागलंय, दोघं-तिघं रोज माशांना ब्रेड आणि कणकेचे गोळे टाकतात, बाकीचे म्हणतात बंद करा. कुणाला माहिती असेल तर सांगा, काय करायचं?

फुलेवाडीकर: आधी एक सांगतो भावा, आत उतरू नका. तळाला गाळ आहे आणि जलपर्णीच्या मुळ्यांत पाय अडकला तर पट्टीचा पोहणारापण घाबरतो. काठावरून लांब दांड्याच्या पंजानं जेवढं हाताला येतंय तेवढंच काढा, पण ते आत्ताच, पुंजके आहेत तोवर, कारण उन्हात हे झाड आठ-पंधरा दिवसांत दुप्पट होतंय आणि एकदा फुलं येऊन बी गाळात पडलं की वर्षानुवर्षं उगवत राहतंय. अजून एक, काढलेला ढीग काठावर टाकून घरी जाऊ नका!! सगळीकडे हेच बघतो मी. तो कुजला की त्यातलं खत पावसाबरोबर परत पाण्यात, म्हणजे आपणच तिला जेवू घातलं. काठापासून लांब न्या, वाळवा, शेणात मिसळून खत करा. आणि उपसायच्या आधी महापालिकेला कळवा, गाडी मिळाली तर निम्मं काम हलकं.

गाळ_आणि_मासे: वरचं बरोबर आहे, पण जलपर्णी हे लक्षण आहे, रोग सांडपाणी. श्याम सोसायटीचा नाला, सरनाईक कॉलनीचा नाला ही नावं कोल्हापुरात रंकाळ्याचा विषय निघाला की येतातच. मैल्यातला नायट्रोजन, साबणातला फॉस्फरस, वर कपडे-गाड्या धुणं. हे आत येत राहिलं तर तुम्ही जलपर्णी काढाल आणि मोकळ्या झालेल्या पाण्यात ऊन लागून हिरवं शेवाळ माजेल, रंकाळ्याचं पाणी हिरवंगार झालेलं सगळ्यांनी बघितलंय की. ते शेवाळ रात्री ऑक्सिजन ओढतं म्हणून मासे पहाटे मरतात, लोक मात्र म्हणतात कुणीतरी विष टाकलं. त्यामुळं तुमच्या ग्रुपचा खरा उपयोग बाटल्या उचलण्यापेक्षा नजर ठेवण्यात आहे. तुम्ही रोज तिथं असता, ऑफिसातला माणूस नसतो. नाला कुठं, कुठल्या तारखेला, पाऊस नसताना वाहतोय त्याचे फोटो ठेवा. एक पांढरी ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडा आणि किती फुटांवर दिसेनाशी होते ते दर रविवारी त्याच जागी, त्याच वेळी वहीत लिहा, म्हणजे पाणी किती गढूळ होतंय ते कळतं. वर्षभराची वही घेऊन गेलं की तक्रारीला वजन येतं. (भुंगेरे सोडा असं कुणीतरी म्हणेलच, ते १९८० च्या दशकात भारतात आणलेत आणि जलपर्णी खातात खरं, पण त्यांना वर्षं लागतात आणि मध्येच कुणी पर्णी उपसली तर तेपण तिच्याबरोबर जातात.)

मावशी_चौपाटी: सगळं खरं आहे पण माशांना दोन गोळे घातले तर कुठं बिघडलं, माझी नातवंडं त्याच ओढीनं येतात, नाहीतर मोबाईल सोडत नाहीत. आधी ते नाले बघा की वो, गरिबाच्या कणकेवर कशाला येताय?

गाळ_आणि_मासे: मावशी, एका नातवंडाच्या गोळ्यानं काही होत नाही. रोज शंभर माणसं ब्रेडचे पुडे रिकामे करतात त्याचं बोलतोय. न खाल्लेला ब्रेड तळाला कुजतो, तिथंपण ऑक्सिजन जातो. नाल्यापुढं हे बारीकच आहे हे मान्य, पण नाला आपल्या हातात नाही आणि ब्रेड आहे. पोरांना पक्षी दाखवा, बगळे-पाणकावळे असतातच.

फुलेवाडीकर: आणि गणपतीनंतरचं निर्माल्य विसरू नका. विसर्जन जवळच्या इराणी खणीकडं वळवल्यामुळं फरक पडलाय, तरी घरातली पिशवी अंधारात इकडं टाकणारे असतातच. तिथं तुमची पोरं उभी करा.

पेठेतला_पोरगा: ट्यूबचा बेत रद्द केला, पोरं थोडी नाराज आहेत. पंजा गावाकडनं आणतो. ताटलीचं उद्यापासनंच सुरू करतो, वही ग्रुपमधल्या रिटायर्ड मास्तरांकडं दिलीय, ते तारीख चुकवणार नाहीत. मावशी, तुम्हीपण या रविवारी, सहाला टॉवरपाशी. पण ब्रेड घरी ठेवून हां.

मावशी_चौपाटी: येते. चहा कोण देणार ते आधी सांगा.