मदत हवी आहे: हिरवा नर, निळी मादी आणि लाल डोळ्यांचं पांढरं पिल्लू, शिवाय पिल्लांची पाठ उघडी पडतेय

पिंपळपान:
बजीची (बजरिगार, लहान पोपट) एक जोडी. नर हिरवा (साधा फिकट हिरवा, पंखांवर काळ्या रेषा), मादी आकाशी. दोघांचे डोळे काळे. ५ अंडी होती, चौथं रिकामं निघालं. पिल्लांची वयं आज ३१, २९, २७ आणि २३ दिवस. ३१ चं हिरवं, २९ चं निळं, २७ चं पूर्ण पांढरं आणि डोळे लाल, २३ चं हिरवं.

अडचणी अशा:
पांढरं पिल्लू आलं कसं? निळा आणि हिरवा मिळून पांढरा होतो का?
मोठ्या तिघांची मान आणि पाठ उघडी पडलीय, चार दिवसांपासून वाढतंच आहे. 'फ्रेंच मोल्ट' (पिल्लांची पिसं गळण्याचा रोग) हा शब्द वाचला आणि धास्ती बसली.
सर्वांत धाकट्याचा डावा पाय बाहेरच्या बाजूला जातो.
आणि मादीने काल त्याच घरट्याच्या बॉक्समध्ये नवीन अंडं घातलंय. दुसरी वीण होऊ द्यावी का?
खाणं: मिश्र बिया, उकडलेलं अंडं, कटलबोन (कॅल्शियमसाठी लटकवतात तो समुद्रफेस). बॉक्सचा तळ सपाट आहे, वर लाकडाचा भुसा थोडासाच.

उंबरठा:
आधी अँटिबायोटिकचे थेंब पाण्यात सुरू करा, मग बाकीचं बघा. पिसं जाणं म्हणजे काहीतरी जंतुसंसर्ग असतोच.

हिरवाकंच:
थेंब देऊ नका. पिसं नेमकी कुठली गेलीत हे कळेपर्यंत कुठलंही औषध म्हणजे अंधारात दगड. पाण्यात मिसळलेल्या औषधाचा डोस पिल्लांपर्यंत किती पोचतो तेही ठरवता येत नाही, कारण पिल्लं पाणी पीत नाहीत, आईबाप भरवतात.

पिंपळपान, एका पिल्लाचा पंख हलकेच उघडून तीन गोष्टी बघा. पंखांची लांब पिसं आणि शेपटी जागेवर आहे का? नव्या पिसांच्या नळ्या मोडलेल्या किंवा आतून रक्ताने काळवंडलेल्या आहेत का? उघड्या पाठीवर त्वचा स्वच्छ आहे की खपल्या, टोचल्याच्या खुणा आहेत?

पिंपळपान:
पंख आणि शेपटी तिघांचीही शाबूत. पाठीवर त्वचा गुलाबी, स्वच्छ. एका पिल्लाच्या मानेवर दोन ठिकाणी सुकलेलं रक्त. मादी बॉक्समध्ये शिरली की आतून पिल्लांचा आरडाओरडा ऐकू येतो.

हिरवाकंच:
मग उत्तर मिळालं. आई उपटतेय.

फ्रेंच मोल्टमध्ये आधी पंखांची मोठी पिसं आणि शेपटी जाते, बहुतेक वेळा पिल्लू बॉक्समधून बाहेर पडायच्या सुमारास, आणि बऱ्याचदा दोन्ही बाजूंना सारखीच. पाठीवरची मऊ पिसं त्यात शाबूत राहतात. त्यामागे पॉलिओमा व्हायरस किंवा सर्कोव्हायरस असतो आणि पिसांच्या किंवा रक्ताच्या नमुन्यावर पीसीआर करून तो सापडतो. तुमच्याकडे चित्र उलट आहे: जिथे मागून चोच सहज पोचते तेवढीच जागा उघडी. मादीला पुढची वीण घालायचीय, आधीची पिल्लं तिला जागेतून हाकलायचीयत. नवं अंडं कालच पडलंय, हा योगायोग नाही.

तरी धोका आहेच. उपटणारी मादी पुढे चावायला लागते, आणि डोक्यावर बसलेली चोच जीव घेऊ शकते. त्यामुळे आजच वेगळं करा.

नर आणि चारही पिल्लं दुसऱ्या पिंजऱ्यात. तळाशी कागद, त्यावर चपट्या बाजूने ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका, एक बाजू उघडी आणि आत भुसा. पिल्लं त्यात एकत्र बसतील आणि धाकट्याला ऊब मिळेल. बी उथळ ताटलीत, राळ्याचं कणीस तळाशीच. भरवण्याचं काम या वयात नर एकटा करतो, बरेचदा मादीपेक्षा नीट. पहिले दोन दिवस मात्र रोज दिवा बंद करायच्या आधी प्रत्येकाची गळ्याखालची पिशवी (क्रॉप) बोटाने हलकेच चाचपा. भरलेली, मऊ, आत बिया जाणवतात अशी हवी. सकाळी ती रिकामी झालेली हवी. सकाळीही भरलेली, पाण्यासारखी लिबलिबीत आणि आंबट वास असेल तर ती आंबलेली पिशवी. त्यावर घरी प्रयोग न करता पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

रात्री पिशवी रिकामीच राहिली तर फॉर्म्युला (पिल्लांना हाताने भरवायचं तयार खाणं) ३८ ते ४० अंशांवर, चमच्याने किंवा सिरिंजने, पिल्लू गिळेल त्या वेगाने. ४३ च्या वर गेला की पिशवी आतून भाजते. थंड असेल तर पिशवीत साचून राहतो. थर्मामीटर वापरा, मनगटावर थेंब टाकून अंदाज घेऊ नका.

तिसरा_डोळा:
रंगाचं मी सांगतो, कारण यात एक जुना गैरसमज आहे. रंग मिसळत नाहीत. हिरवा आणि निळा मिळून पांढरा होत नाही, फिकट निळाही होत नाही.

बजीचं हिरवं पीस म्हणजे पिवळं रंगद्रव्य अधिक पिसाच्या रचनेतून दिसणारा निळा, आणि खाली मेलॅनिन, म्हणजे गडद रंगद्रव्य. निळ्या पक्ष्यात पिवळं नसतं. निळा हा रिसेसिव्ह आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून एकेक प्रत आली तरच दिसतो. तुमचं एक पिल्लू निळं आहे, म्हणून नर 'हिरवा, निळ्याचा स्प्लिट' (निळा जनुक लपवून बाळगणारा) आहे हे सिद्ध झालं. अशा नराला निळी मादी जोडली की साधारण निम्मी पिल्लं हिरवी (सगळी निळ्याची स्प्लिट) आणि निम्मी निळी.

आता पांढरं. आयनो नावाचा दुसरा जनुक मेलॅनिन जवळजवळ पुसून टाकतो. हिरव्यावर आला तर फक्त पिवळं उरतं, तो लुटिनो. निळ्यावर आला तर काहीच उरत नाही, तो आल्बिनो. डोळ्यांतलं मेलॅनिनही जातं, म्हणून लाल.

खरी गंमत पुढे आहे. आयनो हा लिंगाशी जोडलेला आहे. पक्ष्यांमध्ये लिंग ठरवणारी गुणसूत्रं अशी: नर झेडझेड आणि मादी झेडडब्ल्यू. आयनो झेडवर बसतो. मादीकडे एकच झेड, त्यामुळे तिच्यात आयनो असेल तर तो दिसतोच. मादी आयनोची स्प्लिट असूच शकत नाही. नराकडे दोन झेड, एकावर आयनो असेल तर तो लपून राहतो. तुमच्या मादीचे डोळे काळे, म्हणजे तिच्याकडे आयनो नाही. तो बापाकडून आला. आणि आईकडून साधा झेड मिळालेला कुठलाही मुलगा आयनो दिसू शकत नाही. म्हणून पांढरं पिल्लू मादीच आहे. डीएनए टेस्टची गरज नाही.

त्यामुळे नर पूर्ण लिहायचा तर: हिरवा, निळा आणि आयनो दोन्हींचा स्प्लिट. या जोडीतून निम्म्या मुली आयनो, त्यातल्या निम्म्या लुटिनो, निम्म्या आल्बिनो. एकूण पिल्लांच्या आठव्या हिश्श्यात आल्बिनो. अर्थात चार पिल्लांवर टक्केवारी मोजत बसू नका, ती शंभर पिल्लांवर खरी उतरते.

एक खात्री करून घ्या. पांढऱ्या पिल्लाच्या पंखांवर फिकट तपकिरी रेषा दिसतायत का? दिसल्या तर ते लेसविंग, म्हणजे आयनो आणि सिनेमन (काळ्या खुणा तपकिरी करणारा जनुक) एकाच झेडवर. सिनेमनही लिंगाशी जोडलेलाच, म्हणून निष्कर्ष बदलत नाही, पिल्लू मादीच. अंगावर निळा रंग आणि स्पष्ट तपकिरी खुणा असतील आणि डोळे लाल असतील तर फॅलो हा आणखी एक रंगप्रकार, तो मात्र दोन्ही पालकांकडून येतो आणि नरही असू शकतो. डोळे काळे असते तर डबल फॅक्टर स्पँगल किंवा डार्क-आइड क्लिअर या दुसऱ्या पांढऱ्या प्रकारांचा विचार करावा लागला असता.

पिंपळपान:
रेषा अजिबात नाहीत, शुभ्र. अंड्यातून बाहेर आल्यापासून डोळे लालसर दिसत होते. मग पुढे लुटिनो नर हवा असेल तर? या पांढऱ्या मादीला बापाशी जोडून चालेल?

तिसरा_डोळा:
रंग येईल, पण बाप-लेक जोडू नका. एका रंगासाठी जवळची नाती जोडत गेलं की अंगकाठी लहान होते आणि अंडी रिकामी निघतात.

आयनो मुलगा हवा असेल तर दोन्ही झेडवर आयनो लागतो, म्हणजे आई आयनो हवीच आणि बाप निदान स्प्लिट. बाहेरून, नात्यात नसलेला लुटिनो नर आणा आणि ही मादी वर्षाची झाल्यावर त्याला द्या. सगळी पिल्लं आयनो येतील. नर निळ्याचा स्प्लिट नसेल तर सगळी लुटिनो. मात्र आयनोला आयनो पिढ्यान्‌पिढ्या जोडू नका, अधूनमधून साधा रंग आणावा. पाळणारे हे पिसांचा दर्जा टिकवायला करतात आणि ते शहाणपणाचं आहे.

आणखी एक. आयनो नराचं नाक (चोचीवरचा मांसल भाग) मोठेपणीही निळं होत नाही, गुलाबी-जांभळंच राहतं. खरेदीच्या वेळी फसगत इथेच होते. मादीच्या नाकावर नाकपुड्यांभोवती पांढरट कडं दिसतं आणि विणीच्या काळात ते तपकिरी, खरबरीत होतं.

हिरवाकंच:
दुसऱ्या विणीबद्दल. सध्या नको. चार पिल्लं भरवून मादी खंगलेली असते. ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा घ्या, तिचं वजन करा. साध्या बजीचं वजन ३० ते ४० ग्रॅम असतं. छातीचं हाड बोटाला सुरीसारखं लागत असेल तर उत्तर स्पष्ट आहे.

अंडी मात्र काढून टाकू नका. काढली की ती भर घालायला आणखी घालते. पडलेलं अंडं उकळा, पूर्ण गार करा, परत ठेवा. किंवा प्लास्टिकचं ठेवा. एक-दोन अंडी आत तयार होतच असतील, ती पडणारच. बसू दे. साधारण तीन आठवड्यांनी कंटाळून उठेल, तेव्हा बॉक्स काढा. तोवर तिच्या पिंजऱ्यात दिवसाचा उजेड ८ ते १० तासांवर आणा आणि उकडलेलं अंडं बंद. हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला. पाऊस पडला, गवताचं बी मुबलक झालं की वीण घालणारा. भरपूर मऊ खाणं, लांब दिवस आणि अंधारं भोक, तीनही मिळाल्यावर तिचं शरीर थांबत नाही. नराच्या बाजूला मऊ खाणं चालूच ठेवा, तिथे पिल्लांना लागतं. हा वेगळा पिंजरा करण्याचा दुसरा फायदा. दोन्ही पिंजरे शक्यतो एकमेकांच्या नजरेआड.

आता नीट वाचा. पुढचे आठ दिवस या मादीवर लक्ष हवं, कारण लागोपाठच्या विणीत अंडं अडकण्याची भीती जास्त. अंडी एक दिवसाआड पडतात. ती फुगून पिंजऱ्याच्या तळाशी बसली, शेपटी श्वासागणिक वरखाली होतेय, पाय लटपटतायत, जोर लावतेय पण काही पडत नाही, तर तासांचा प्रश्न असतो, दिवसांचा नाही. लहान खोका, ३० ते ३२ अंश ऊब, शेजारी ओला टॉवेल म्हणजे हवेत दमटपणा, अंधार, आणि थेट डॉक्टर. कॅल्शियमचं इंजेक्शन तेच देतील. पोट दाबून अंडं बाहेर काढायला जाऊ नका. आत फुटलं तर मादी वाचणं कठीण.

कटलबोन लटकवलाय एवढ्याने भागत नाही, ती खातेय का बघा. कॅल्शियम शोषायला डी३ जीवनसत्त्व लागतं आणि काचेतून आलेल्या उन्हातून ते बनत नाही, काच अतिनील-बी किरण अडवते. ऊन थेट हवं, सोबत सावलीचा कोपरा हवा. नाहीतर डी३ असलेलं पक्ष्यांचं कॅल्शियम, डब्यावरच्या मापानेच. जास्त डी३ ने मूत्रपिंडं जातात.

तिची विष्ठा मोठी आणि वासाची दिसली तर घाबरू नका, अंड्यावर बसलेली मादी तासन्‌तास धरून ठेवते.

उंबरठा:
पायाचं राहिलं. सपाट तळ हेच कारण. भुसा कमी, आईचं वजन वरून, पिल्लाचे पाय घसरत बाजूला जातात. बॉक्सच्या तळाला मधोमध खोलगट खाच हवी आणि दोन-तीन सेंटिमीटर भुसा.

पहिल्या दोन आठवड्यांत सापडलं तर मऊ टेपने दोन्ही पाय अंगाच्या रुंदीइतक्या अंतरावर बांधले की आठवड्याभरात सुधारतं. २३ दिवसांना हाडं बरीच घट्ट झालेली असतात. डॉक्टर बघून बांधतील, पण पूर्ण सरळ होईलच असं धरू नका. बोटं फांदी पकडतायत का? पकडत असतील तर पाय थोडा तिरपा राहिला तरी पक्षी व्यवस्थित जगतो.

पिंपळपान:
बोटं पकडतात, दोन्ही पायांची. मादी ३४ ग्रॅम भरली, हाड जाणवतं पण टोकदार नाही. नर आणि पिल्लं हलवली. तासाभरात नराने दोघांना भरवलं. अंडं उकळून परत ठेवलं. धाकटं २८ ग्रॅम आहे, २९ दिवसांचं ३५ होतं ते आज ३३ झालं. वजन उतरलं, ते ठीक आहे का?

हिरवाकंच:
२९ चं ठीक. बॉक्समधून बाहेर पडायच्या आधी पिल्लं थोडी हलकी होतात, उडायला. पण धाकटं अजून चढत्या वजनात हवं. त्याला रोज सकाळी रिकाम्या पिशवीने मोजा, दोन दिवस लागोपाठ उतरलं तर वरून भरवा. मोठी साधारण ६ आठवड्यांची होऊन स्वतः बी सोलायला लागली, ताटलीत नुसती चोच न मारता टरफलं खाली पडताना दिसली, की मगच नरापासून काढा.