मदत हवी आहे: मिआटा १.६ ला हलकं फ्लायव्हील बसवताना काय बघू?

गाडी १९९१ ची माझदा मिआटा, १.६ इंजिन, पाच गिअर. मुक्काम न्यू जर्सी. क्लच संपलाय, गिअरबॉक्स उतरवावाच लागणार. त्याच कामात ॲल्युमिनियमचं फ्लायव्हील (इंजिनाच्या मागे क्रँकला जोडलेली जड चकती) टाकावं म्हणतोय. मूळचं ८ किलोच्या आसपास आहे, नवं ४ च्या. गाडी रोज ऑफिसला जाते, कधीमधी ट्रॅकवर. फरक जाणवतो का? सिग्नलला बंद पडत राहील का? आणि घरी, जॅक स्टँडवर काम करताना माणूस नेमका कुठे अडकतो?

सतरा_नंबर_पाना:
फरक जाणवतो, पण खालच्या गिअरमध्ये. हॉर्सपॉवर वाढत नाही. इंजिनाला स्वतःचाच लोखंडी गोळा फिरवायला जी ताकद लागते ती वाचते, आणि ती गिअर रेशोच्या वर्गाच्या हिशोबाने. तुमचा पहिला गिअर ३.१३६, दुसरा १.८८८, चौथा १, डिफरन्शियल ४.३, टायरची त्रिज्या २९ सेंमी. जडत्व ०.०४ किलो-मीटर वर्गाने घटलं असं धरलं, तर पहिल्यात गाडी ८६ किलोने हलकी झाल्यासारखी पळेल, दुसऱ्यात ३१, चौथ्यात जेमतेम ९. हायवेवर पाचव्यात ओव्हरटेक करताना काहीही कळणार नाही. खरी मजा गिअर खाली टाकताना: ॲक्सिलरेटरला नुसता पाय लावला की आरपीएम उडी मारतं. पडतंही तितक्याच झटकन, म्हणून गिअर वर टाकताना रेंगाळलात तर धक्का बसणार.

घेण्याआधी एक विचारा: २०० मिमी क्लचसाठी आहे की २१५? १.८ चं फ्लायव्हील तुमच्या क्रँकवर बसतं, पण मग क्लचही १.८ चाच, २१५ वाला लागतो.

तेलकट_हात:
अडकायच्या जागा सांगतो, बाकी मॅन्युअलमध्ये आहे.

पीपीएफ, म्हणजे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल जोडणारी ती लांब ॲल्युमिनियमची फ्रेम, सोडण्याआधी गिअरबॉक्सखाली जॅक हवाच. इंजिनाच्या सम्पखालीही (तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) लाकडाचा ठोकळा ठेवून दुसरा जॅक लावा. नाहीतर इंजिन मागे कलतं आणि हेडच्या मागचा क्रँक अँगल सेन्सर फायरवॉलवर आपटतो. प्रॉपशाफ्ट ओढला की गिअरबॉक्सच्या शेपटातून तेल येतं, बोळा तयार ठेवा. स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर, नळीसकट बाजूला बांधून ठेवा, ब्लीडिंग (नळीतली हवा काढणं) वाचेल.

फ्लायव्हीलचे सहा बोल्ट. त्यांची भोकं क्रँकमध्ये आरपार आहेत, पलीकडे इंजिन ऑइल आहे. जुने बोल्ट वापरणार असाल तर आट्यांमधलं वाळलेलं सीलंट ब्रशने पूर्ण काढून नवं लावा. हे राहिलं की तेल बोल्टवाटे झिरपतं, क्लच घसरायला लागतो आणि दोष बिचाऱ्या ऑइल सीलच्या माथी जातो. मागचं ऑइल सील मात्र बदलाच. त्या पार्टच्या किमतीसाठी परत गिअरबॉक्स उतरवायचा का?

पायलट बेअरिंग, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं छोटं बेअरिंग, या गाडीत फ्लायव्हीलमध्येच असतं. नव्या फ्लायव्हीलमध्ये आहे का बघा, नसेल तर नवं दाबून बसवा.

बोल्ट समोरासमोरचे, तीन फेऱ्यांत, शेवटी ९६ ते १०३ न्यूटन-मीटर. फ्लायव्हील रिंग गिअरच्या दातांत अडकवायच्या लॉकने धरा. पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून क्रँक धरू नका. तुमची १९९१ ची आहे. सुरुवातीच्या गाड्यांच्या छोट्या नाकाच्या (पुली बसते ते पुढचं टोक आखूड असलेल्या) क्रँकची चावी, म्हणजे पुली जागेवर धरणारी पट्टी, आणि तिची खाच तशीच नाजूक.

मग डायल गेज (बारीक डगमग मोजणारं काट्याचं यंत्र) लावून एक चक्कर फिरवा. ०.१ मिमीच्या वर डगमग दिसली तर बहुतेक वेळा फ्लँजवर गंजाची खपली किंवा सीलंटचा कण असतो. उतरवा, पुसा, परत मोजा. प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाचे) बोल्ट १८ ते २६ न्यूटन-मीटर. क्लच प्लेटच्या स्प्रिंगचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे.

पीपीएफ परत बसवताना गिअरबॉक्सचं शेपूट जॅकने योग्य उंचीला उचलूनच बोल्ट कसा, १०४ ते १२३. लोंबतं ठेवून कसलंत तर प्रॉपशाफ्टचा कोन बिघडतो आणि वेगात गाडी थरथरते.

धागाकर्ता:
आभार दोघांचे. मूळचंच फ्लायव्हील लेथवर घासून हलकं करून घेतलं तर? बरंच स्वस्त पडतंय.

सतरा_नंबर_पाना:
नको. ते बिडाचं आहे. कुठून किती काढलं याचा हिशोब चुकला तर ७,००० आरपीएमला तडकतं, आणि बेल हाउसिंगच्या शेजारीच तुमचे पाय असतात. नवंच घ्या, आणि त्यावर एसएफआय १.१ चा (रेसिंगच्या पार्टसाठीच्या सुरक्षा मानकाचा) शिक्का बघून. ॲल्युमिनियमचं असेल तर घर्षणाची पोलादी चकती स्क्रूने बसवलेली, बदलता येणारी असावी.

सिग्नलचं म्हणाल तर क्लच दाबल्यावर आरपीएम मूळच्यापेक्षा खाली गचकन जातं. आयडल मुळातच कमी असेल तर बंद पडते. इंजिन गरम करा, डायग्नोसिस बॉक्समध्ये (बॉनेटखालच्या तपासणीच्या डबीत) टीईएन आणि जीएनडी ही दोन टोकं वायरने जोडा, थ्रॉटल बॉडीवरच्या स्क्रूने आयडल ८५० ला आणा, टायमिंग १० अंश बघा. वायर काढून हेडलाइट आणि एसी चालू करून परत बघा. तरीही गचके खाल्ले तर आधी व्हॅक्यूमच्या नळ्या तपासा, फ्लायव्हीलला नंतर शिव्या द्या.

तेलकट_हात:
न्यूट्रलमध्ये थोडी खडखड ऐकू येईल आणि क्लच दाबला की थांबेल. ते गिअरचे दात वाजतात, चालायचंच. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज किंवा पायलट बेअरिंग. पहिले ५०० मैल शहरातच चालवा, ट्रॅक नंतर.