मदत हवी आहे : डेनिस लॉच्या त्या सहा गोलांचं काय करू?

मंडळी, एका छोट्या फुटबॉल अंकासाठी स्कॉटलंडच्या डेनिस लॉवर पानभर मजकूर लिहितोय आणि त्याच्या गोलांच्या तक्त्यापाशी अडकलोय.

क्लबांचा क्रम सरळ आहे. ॲबर्डीनचा हा पोरगा हडर्सफील्डकडून खेळू लागला, 1960 मध्ये मँचेस्टर सिटी, 1961 ला इटलीत तोरिनो, वर्षभरात परत येऊन मँचेस्टर युनायटेड. तिथे 404 सामन्यांत 237 गोल, 1964 चा बॅलन डी'ओर (युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार). 1973 ला पुन्हा सिटी.

घोळ आहे तो जानेवारी 1961 चा. एफए कपात (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) ल्यूटनविरुद्ध सिटी 6-2 ने पुढे, सहाही गोल एकट्या लॉचे! मैदानात इतकं पाणी साचलं की 69व्या मिनिटाला सामनाच रद्द. फेरसामन्यात लॉने एक गोल मारला, पण सिटी 3-1 ने हरली. अधिकृत हिशेबात ते सहा नाहीत. मी ते तक्त्यात तळटीप म्हणून द्यावेत की मजकुरातच सांगावेत? मला तर ते गाळवत नाहीत.

दुसरं, 'बॅकहील'ला मराठीत काय लिहिता? एप्रिल 1974 मध्ये युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर सिटीकडून खेळताना, गोलकडे पाठ असताना, त्याने टाचेने चेंडू युनायटेडच्याच जाळ्यात सारला आणि मान खाली घालून चालू लागला. (त्या गोलामुळे युनायटेड खालच्या श्रेणीत गेली हे खरं नाही, इतर निकालांमुळे ती तशीही जाणारच होती.) 'टाचटोला' कसा वाटतो? की हसतील लोक?

शनिवारपर्यंत मजकूर द्यायचाय.